हेडटॉर्चचा सेल: रात्रीच्या पाळीला निघणाऱ्या नव्या लोकांसाठी

दिवाळी सरून हरभरा-ज्वारी वर आली की माझ्या दुकानातलं काम बदलतं. मिक्सर आणि पंखे मागे पडतात, काउंटरवर हेडटॉर्च यायला लागतात. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि या दिवसांत एकच वाक्य रोज कानावर पडतं, "काका, मह्या बॅटरीला काय झालं बघा बरं. रातची लाईट हाय आन् ही दोन तासांत बसायली." शेतीच्या फीडरला, म्हणजे शेताकडे येणाऱ्या विजेच्या लाईनला, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची आली की बारा-एकला उठून मोटार चालू करायची आणि दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी द्यायचं. पायाखाली घोणस आहे की पाइपाचा तुकडा, हे डोक्यावरच्या त्या उजेडाच्या भरवशावर कळतं. म्हणून बसलेल्या बॅटरीची तक्रार मी कधी हसण्यावारी नेत नाही.

दहातल्या सात-आठ टॉर्चमध्ये दिवा ठीक असतो, बटण ठीक असतं. बिघडलेला असतो सेल, आणि तो वापरून कमी, ठेवण्याच्या पद्धतीमुळे जास्त बिघडलेला असतो. यंदा पहिल्यांदाच शेती हातात घेतलेली, पुण्या-मुंबईहून परत आलेली काही पोरं विचारत होती, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी आत काय आहे ते बघा

टॉर्चचं मागचं झाकण उघडा. अंगठ्याएवढा, पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि लांब असा एक नळकांडी सेल दिसेल. त्यावर बहुतेक वेळा १८६५० असं लिहिलेलं असतं. हा काही मॉडेल नंबर नाही, ते माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. हा लिथियम-आयन सेल. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत, पॉवर बँकेत, बाहेर देशात ई-सिगारेटमध्येसुद्धा हाच असतो. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, पण सुटा सेल खिशात ठेवल्याने मांड्या भाजल्याचे प्रकार जगाला कळले ते मुख्यतः त्या वापरणाऱ्यांमुळेच. सेल तोच, त्यामुळे धडाही तोच.

काही सोलर दिव्यांत आणि टॉर्चमध्ये याहून जाड, ३२६५० किंवा ३२७०० लिहिलेला सेल निघतो. तो बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटचा असतो, आणि त्याची जात वेगळी. १८६५० पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, फॉस्फेटचा ३.६५ वर भरतो. एकाचा चार्जर दुसऱ्याला लावायचा नाही. दुकान नवं होतं तेव्हा मी हे एकदा केलंय. सेल फुटला नाही, पण इतका तापला की चिमट्याने उचलून अंगणात ठेवावा लागला, आणि त्या गिऱ्हाइकाला पदरचा नवा सेल दिला. तेव्हापासून सेलवरची अक्षरं वाचल्याशिवाय मी वायर लावत नाही.

अगदी स्वस्तातल्या, जुन्या पद्धतीच्या टॉर्चमध्ये चौकोनी, जड, चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचे नियम बरोबर उलटे आहेत. ते फवारणी पंपाच्या ठिकाणी सांगतो.

विकत घेताना

आठवडी बाजारात ९९०० एमएएच, ६८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेले सेल ढिगाने मिळतात. असा १८६५० सेल अस्तित्वातच नाही. या मापात चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातो. २००० ते २६०० लिहिलेला असेल तर तो दुकानदार निदान खरं बोलायच्या जवळ आहे असं समजा. आकडा जितका मोठा, तितका आत माल कमी, हा माझा अनुभव. फोडून पाहिलेल्यांत एकात निम्मी नळी रिकामी होती, दुसऱ्यात आत छोटा सेल आणि भोवती पांढरी भुकटी भरलेली. (तुम्ही फोडू नका. मी फोडलेले सेल आधी पार उतरवलेले होते आणि तरीही ते शहाणपणाचं काम नव्हतं.)

पारख करायला वजन पुरतं. खरा सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. काटा नसेल तर दहा रुपयांची सहा नाणी एका हातात आणि सेल दुसऱ्या हातात घेऊन बघा, वजन जवळपास सारखं लागलं पाहिजे. आमच्या बाजारात दहाचं नाणं घ्यायला अजून काही लोक कुरकुर करतात, पण मापाला ते चालतं. सेल तीस ग्रॅमच्या आसपास भरला तर परत द्या.

दुसरी गोष्ट, टोक. काही सेलच्या धन बाजूला वर आलेलं बोंड असतं, काहींचं टोक सपाट असतं. टॉर्चमधल्या जुन्या सेलला बोंड असेल तर तसाच आणा. सपाट आणला की टेकत नाही, मग लोक मध्ये सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर खिळ्याचं डोकं खुपसतात. ती चांदी सरकली की शॉर्ट झालाच म्हणा.

कातडी जपा

मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी ही सांगितली असती. सेलवरचं रंगीत प्लास्टिक शोभेसाठी नाही. त्याच्या आतली सगळी लोखंडी नळी, बुडापासून मानेपर्यंत, ऋण असते. धन आहे ते फक्त वरचं मधलं टोक. दोघांच्या मध्ये, वरच्या कडेला, एक बारीकशी फट आणि कागदाची पांढरी चकती. बस्स, एवढंच अंतर. कडेचं प्लास्टिक फाटलं, चकती निघाली आणि त्यावर किल्ली, नाणं किंवा टॉर्चची वाकलेली पत्ती आडवी पडली, तर सेलमधली सगळी ताकद त्या एका ठिकाणाहून धावते.

माझ्या पुतण्याने एकदा जादा सेल पॅन्टीच्या खिशात टाकला, त्याच खिशात मोटारसायकलची चावी. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीवर, पोचायच्या आत चटका बसला. गाडी तशीच सोडून त्याने पॅन्ट काढली म्हणून मांडीवर रुपयाएवढ्या दोन फोडांवर निभावलं. चावीचा छल्ला मात्र काळा पडून सेलला चिकटला होता.

तेव्हा जादा सेल बरोबर न्यायचा तर प्लास्टिकच्या डबीत. सेलच्या डब्या मिळतात. नाही मिळाली तर सायकल ट्यूबचा तुकडा कापून सेलवर चढवा, दोन्ही टोकांवरून दुमडा आणि रबर लावा. प्लास्टिक फाटलं असेल तर नवं चढवून घ्या. दुकानात गरम हवेने आवळून बसणाऱ्या नळीचा तुकडा लावून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. वरची चकती आधी बसवायची, मग नळी. मोटारीच्या वायरला लावायची काळी टेप गुंडाळू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि ती सरकते.

मीटर घ्या

दोन-अडीचशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर शेतकऱ्याच्या घरात असावाच. मोटारीचा स्टार्टर, ट्रॅक्टरची बॅटरी, सगळ्याला कामी येतो. चकती डीसी २० व्होल्टवर फिरवा, लाल काडी धन टोकाला, काळी बुडाला. चार्जिंगवरून काढल्या काढल्या नका मोजू, अर्धा तास सेल पडू द्या.

४.२ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेला. ३.७ म्हणजे अर्ध्याच्या जरा खाली. ३.५ ला आला म्हणजे गाडी रिझर्व्हला लागली. ३ व्होल्टला रिकामा. आणि २.५ च्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल असेल तर त्याला भरायचा प्रयत्नच करू नका. इतका उतरलेला सेल आतून बदलतो, त्यातलं तांबं विरघळून भलत्या जागी जाऊन बसतं. पुन्हा भरताना तिथूनच आतल्या आत शॉर्ट होतो. "एकदा झटका देऊन उठवून द्या ना" असं म्हणणारे रोज भेटतात. दुसऱ्या भरलेल्या सेलला वायरीने जोडून मेलेला सेल उठवायची युक्ती व्हिडिओत दाखवतात, आणि सेल उठतोही. तो पुढच्या महिन्यात कुठे आणि कसा झोपेल, ते व्हिडिओत नसतं.

चार्जिंग

चांगला चार्जर सेलला आधी ठरलेल्या करंटने भरतो. ४.२ व्होल्ट झाले की तिथेच दाब धरून ठेवतो आणि करंट कमी कमी करत थांबतो. जनावराला पाणी पाजताना शेवटी आपण बादली तिरपी करतो, तसं. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी, लाल दिव्याने चार्ज आणि निळ्या किंवा हिरव्याने पूर्ण असं दाखवणारी छोटी पट्टी मिळते, ती हेच करते. आमच्या भाषेत टीपी ४०५६. ती साधारण एक अँपिअर देते, म्हणजे २६०० चा सेल तीन-साडेतीन तासांत भरतो. घेताना बाहेर जाणाऱ्या वायरीसाठी वेगळे पॉइंट असलेली, संरक्षणाची चिप असलेली घ्या. सोल्डरिंग येत नसेल तर सरळ एक किंवा दोन खणांचा तयार यूएसबी चार्जर आणा. पट्टीच्या भानगडीत पडू नका.

ज्या टॉर्चमधून थेट २३० व्होल्टच्या दोन पिना बाहेर येतात, ती मला आवडत नाही. स्वस्त टॉर्चमध्ये आत ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरवर करंट दाबलेला असतो. सेल भरल्यावर थांबायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते, आणि पिना बोर्डात असताना आतल्या सगळ्या भागांत लाईट असते. अशी टॉर्च चार्जिंगला असताना उघडू नका, ओल्या हाताने तर धरूच नका. लिथियम सेल घातलेली अशी टॉर्च असेल तर सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरा.

आता जागा. आपल्याकडचा घोळ इथेच आहे. शेतातल्या आखाड्यावर पत्र्याची खोली, एका कोपऱ्यात खताच्या गोण्या, बाहेर कडब्याची गंजी, आणि बोर्डाच्या खाली खाटेवर टॉर्च चार्जिंगला. लाईट रात्रीची, म्हणून चार्जिंगही रात्रीचं, माणूस झोपलेला किंवा रानात. फरशीवर, शहाबादीच्या तुकड्यावर किंवा पाटीत माती घालून तिच्यावर सेल ठेवा. गादी, वाकळ, कापूस, कडबा हातभर लांब असून भागत नाही, चार-पाच हात लांब हवा. आणि शक्य तेव्हा दिवसा, घरात कोणी जागं असताना भरा. दिवसा शेतावर लाईट नसेल तर गावातल्या घरी भरून न्या. दोन सेल ठेवलेत तर ही अडचण संपते: एक डोक्यावर, एक घरी.

लाईट गेली-आली की व्होल्टेज उसळतं, विशेषतः डीपीजवळच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या) घरांत. चार्जरचा बळी जातो तो तेव्हा. मोबाइलचा जुना पण चांगल्या बनावटीचा चार्जर यासाठी ठेवून द्या, तीस रुपयांच्या चार्जरवर सेल लावू नका.

चार्जिंगला असताना सेल कोमट लागला तर ठीक. हात ठेववेना इतका तापला तर काढा, आणि तो सेल पुन्हा वापरू नका. रात्रीची पाळी करून आल्या आल्या, टॉर्च गरम असताना लगेच लावू नका. तोंड धुवा, चहा घ्या, मग लावा.

उन्हाळा

हे सेल भरायचे ते ४५ अंशांच्या आत, असं बनवणारे सांगतात. आता मे महिन्यातली आमची दुपार आठवा. बाहेर ४२-४३, पत्र्याखाली त्याहून बरंच जास्त. तिथे सेल भरणं म्हणजे तापल्या तव्याखाली आणखी जाळ सारणं. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. मोटारसायकलच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये टॉर्च विसरू नका.

रब्बी निघाली की टॉर्च जूनपर्यंत खुंटीला लागते. लोक काय करतात? "पुढच्या वेळी तयार असावी" म्हणून फुल चार्ज करून ठेवतात. लिथियम सेलला सगळ्यात जास्त मारणारी सवय कोणती असेल तर ही. पूर्ण भरलेला सेल ४० अंशांत वर्षभर पडून राहिला तर साधारण एक तृतीयांश ताकद कायमची गमावतो. अर्धवट भरलेला असेल तर नुकसान त्याच्या निम्म्याहून कमी. पार रिकामा ठेवणंही वाईट, कारण तो आपोआप थोडा थोडा उतरत २.५ च्या खाली जातो. ३.७ ते ३.८ व्होल्ट, म्हणजे अर्धपोटी, असा ठेवायचा.

टॉर्चमधून सेल बाहेर काढा, कारण बटण बंद असलं तरी आतला बोर्ड थोडा करंट खात राहतो. डबीत घाला, तारीख लिहा आणि घरातल्या गार जागी ठेवा. ज्यांचं जुनं माळवदाचं घर अजून उभं आहे त्यांच्याकडे याहून चांगली जागा नाही: पांढऱ्या मातीच्या जाड भिंतीतली देवळी. स्लॅबच्या घरात वरच्या माळ्यावर नको, खालच्या खणात. फ्रीजमध्ये ठेवावं असं कुठेतरी वाचून दोघे विचारायला आले होते. गरज नाही. बाहेर काढल्यावर सेलवर दव धरतं, त्यात जास्त नुकसान. दोन-तीन महिन्यांनी एकदा मीटर लावून बघा आणि मृगाआधी पूर्ण भरून घ्या.

फवारणी पंप

पाठीवरच्या सोळा लिटरच्या बॅटरी पंपात बहुतेक १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी असते. हिला लिथियमचा नियम लावला तर ती एका हंगामात मरते. लेड-ॲसिडला कायम पोटभर ठेवायचं. कापसाची शेवटची फवारणी झाली की पंप धुवा, बॅटरीच्या कप्प्यात औषध झिरपलंय का बघा, तारांची टोकं पुसा, बॅटरी पूर्ण भरा आणि ठेवा. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा काही तास चार्जिंगला लावा. रिकामी ठेवली तर आतल्या पत्र्यांवर खडे धरतात आणि मग कितीही भरा, चार टाक्यांतच बसते.

नव्या पंपांत हलकी लिथियम बॅटरी येते. तीन सेलची असेल तर ती १२.६ व्होल्टला भरते. जुन्या पंपाचा लेड-ॲसिडचा चार्जर १४ च्या वर जातो. पिन एकसारखी बसते म्हणून तो लावू नका. दोन्ही चार्जरवर रंगीत टेप लावून ठेवा, घरातली पोरं बघून लावत नाहीत.

दोन-तीन सेल एकत्र असलेल्या टॉर्चबद्दल थोडक्यात: बदलायचे तर सगळे एकदम, एकाच बनावटीचे. जुन्याशेजारी नवा घातला की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलटा ओढत राहतो. आणि लॅपटॉपच्या पॅकमधले सेल काढून पॅक बांधायची हौस असेल तर सेलवर थेट सोल्डर लावू नका, निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून घ्या.

बिघडत असेल तर

गोल सेल मोबाइलच्या बॅटरीसारखा फुगत नाही, त्यामुळे वरून कळत नाही. भरून ठेवलेला सेल दोन दिवसांत आपोआप ४ च्या खाली आला, चार्ज होताना तापतो, दबला आहे, बुडाला गंज आहे, रंगाच्या दुकानासारखा गोडसर वास येतो: यातलं एकही दिसलं तर बाद. सेल विहिरीत किंवा पाटात पडला असेल तरी बाद, वाळवून वापरू नका.

फुस्स आवाज आला, पांढरा धूर निघाला तर हातात धरून पळू नका. हाताशी असेल तर बोर्डाचं बटण बंद करा, माणसं आणि जनावरं बाजूला घ्या, धूर नाकात जाऊ देऊ नका, तो विषारी असतो. लाईट तोडल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. मातीने आजूबाजूची आग दबते, पण सेल गार होत नाही, सेलला गार करतं ते पाणीच. विझला असं वाटल्यावरही तासभर लक्ष ठेवा, पुन्हा पेटू शकतो.

बाद सेल

उसाच्या पाचटाबरोबर, घरच्या कचऱ्याबरोबर जाळू नका आणि उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्यातून खतात आणि खतातून रानात जातो. दोन्ही टोकांना टेप लावा आणि प्लास्टिकच्या बरणीत वेगळा ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि आपण त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या काढून द्यायच्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी ती साखळी अजून नीट पोचलेली नाही. पंपाची लेड-ॲसिड बॅटरी भंगारवाला आनंदाने घेतो, शिशाला भाव आहे, नवी घेताना दुकानदारही जुनीचे पैसे वळते करतो. लिथियमला तो हात लावत नाही, आणि लावला तरी बाकी भंगाराबरोबर हातोड्याखाली घालतो. म्हणून मी काउंटरखाली एक बरणी ठेवलीय. गिऱ्हाइकांचे बाद सेल त्यात जमा होतात, आणि वर्षातून एकदा माल आणायला संभाजीनगरला जातो तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे ती रिकामी करून येतो. तुमच्या गावच्या मेकॅनिकला विचारून बघा, त्याच्याकडे बरणी नसेल तर टेप लावलेले दोन सेल त्याच्या हातात द्या आणि बरणी ठेवायला सांगा.